तेराव्या राउंडचा फोन

19 जुलै 2022ची दुपार. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट चालू होता, म्हणजे अमेरिकेतले व्यावसायिक क्लब शाळा-कॉलेजातली मुलं आळीपाळीने निवडतात तो कार्यक्रम. सगळ्या क्लबांची एक पाळी झाली की एक राउंड. तिसरा दिवस, म्हणजे अकरावा ते विसावा राउंड. पहिल्या दिवसासारखा मंच नाही, टोप्या घालून फोटो नाहीत. एकामागून एक नुसती नावं वाचली जातात आणि दोन नावांमध्ये जेमतेम एखादं मिनिट मिळतं.

आमचा मुलगा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शाळा नुकतीच संपली होती आणि एका कॉलेजला त्याने होकार दिला होता. तेरावा राउंड सुरू असताना त्याचा फोन वाजला. गेलं वर्षभर त्याचे सामने बघायला येणाऱ्या, एका क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउटने एकच प्रश्न विचारला, "सव्वा लाख डॉलरमध्ये सही करशील का? आत्ता सांग." मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या आईकडे. आम्ही म्हणालो, दहा मिनिटांत कळवतो. तेवढ्या वेळात त्या क्लबने दुसराच पिचर घेतला होता. त्यानंतर फोन आला नाही.

तो कॉलेजला गेला, याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय आमच्या गोंधळामुळे झाला, हे अजून टोचतं. मुलं ट्रॅव्हल बॉल (शाळेबाहेरच्या, गावोगावी जाऊन खेळणाऱ्या संघांचं बेसबॉल) खेळताहेत, हल्ली सामन्यांना चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेऊन माणसं येऊ लागली आहेत, अशा मराठी आईवडिलांसाठी हे लिहितोय.

मी डोंबिवलीत वाढलो. माझ्या लेखी निवड म्हणजे नेट्समध्ये ट्रायल द्यायची आणि मग यादीत नाव शोधायचं. नंतर आयपीएलचा लिलाव पाहिला. ड्राफ्ट या दोन्हींसारखा नाही. इथे बोली लागत नाही. ज्या क्लबने नाव घेतलं, त्या एकाच क्लबला तुमच्याशी करार करण्याचा हक्क मिळतो. मात्र मुलगा नाही म्हणू शकतो. ही मोकळीक आहे म्हणून तर मागच्या राउंडांत काय चालतं ते समजून घ्यायला हवं.

पहिल्या दहा राउंडांतल्या प्रत्येक पिकला, म्हणजे निवडीला, ठरलेली रक्कम असते आणि त्यांची बेरीज हे क्लबचं बोनसचं, म्हणजे सही करताना एकरकमी द्यायच्या पैशांचं, बजेट. अकराव्या राउंडपासून एका ठरावीक रकमेपर्यंतचा बोनस या बजेटमध्ये धरत नाहीत. 2022 मध्ये ही मर्यादा सव्वा लाख डॉलर होती, पुढच्या वर्षी दीड लाख झाली. त्याहून वर दिलेला प्रत्येक डॉलर बजेटमधून जातो. स्काउटने सव्वा लाख हाच आकडा का सांगितला, हे मला नंतर कळलं. मुलाच्या गुणांचं मोजमाप त्या आकड्यात नव्हतं. क्लबला त्या दुपारी बजेटला हात न लावता कोण मिळेल, एवढंच ते शोधत होते.

म्हणून राउंडचा आकडा वाचताना घाई करू नका. आज मोठा स्टार असलेला आरन जज शाळेत असताना, 2010 मध्ये, ओकलंडच्या क्लबने त्याला 31व्या राउंडमध्ये घेतलं होतं. तो फ्रेस्नो स्टेट या कॉलेजला गेला आणि तीन वर्षांनी यांकीजने त्याला पहिल्या राउंडमध्ये निवडलं. पिचर कुमार रॉकरचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं, त्याच्या आईचे आईवडील आंध्रातून इथे आलेले. 2018 मध्ये कोलोरॅडोने त्याचं नाव 38व्या राउंडमध्ये घेतलं. तो वँडरबिल्ट विद्यापीठात जाणार हे जवळपास ठरलेलं होतं, म्हणून कोणी त्याच्यावर वरचा पिक खर्च केला नाही. आम्हाला फोन आला त्याच्या दोनच दिवस आधी, त्याच ड्राफ्टमध्ये, टेक्सासने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं.

नातेवाईक तुम्हाला माइक पियाझाची गोष्ट हमखास सांगतील. 1988 मध्ये 62वा राउंड, 1,390वा पिक, तोही वडिलांचे जुने मित्र आणि डॉजर्स क्लबचे मॅनेजर टॉमी लसोर्डा यांच्या शब्दाखातर. आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधला सर्वोच्च मान. गोष्ट खरी आहे, पण ती दारं आता उरली नाहीत. 2012 ते 2019 पर्यंत 40 राउंड होते, 2020 मध्ये साथीमुळे पाचच झाले आणि 2021 पासून 20 आहेत. पूर्वी बाराशेच्या आसपास मुलं निवडली जात, आता सहाशेच्या.

मला त्यापेक्षा पुढे मोठा फलंदाज झालेल्या अल्बर्ट पुहोल्सची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. 1999 मध्ये तोही तेराव्या राउंडमध्येच निवडला गेला, 402वा. तेव्हा तो कॅन्सस सिटीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात होता. सेंट लुईसने आधी देऊ केलेली रक्कम त्याने नाकारली, उन्हाळा एका समर लीगमध्ये खेळून काढला आणि मग जास्त बोनसवर सही केली. नाही म्हणायची आणि थांबायची तयारी होती, म्हणून ते जमलं.

ही तयारी घरी, फोन यायच्या आधी करावी लागते. सही केली की कॉलेज बेसबॉलचा रस्ता बंद होतो. सही न करता चार वर्षांच्या कॉलेजात गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा वय 21 होईपर्यंत पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही. कम्युनिटी कॉलेजातून मात्र दरवर्षी येऊ शकतो. आपल्या घरांत त्या कॉलेजांना नाक मुरडतात, आम्हीही मुरडलं. ती चूक होती.

बोनसमधून कर आणि सल्लागाराचा वाटा वजा करून मगच विचार करा. पगाराचंही बघा. मायनर लीगमधल्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांमधल्या, लो-ए या खालच्या पातळीला 2023च्या करारात वर्षाला किमान 26,200 डॉलर ठरले; आधी 11,000 मिळत. राहायची सोय आता क्लब करतो. आणि पुढच्या शिक्षणाच्या खर्चाची रक्कम करारातच लिहून घेता येते. नंतर मागून ती मिळत नाही आणि खेळ सोडल्यावर ठरलेल्या मुदतीत शिक्षण सुरू करावं लागतं. मागच्या राउंडांतल्या मुलासाठी मी बोनसपेक्षा या कलमावर जास्त भांडलो असतो.

मुलाचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ दीड वर्ष त्याने चेंडू टाकला नाही. तिसऱ्या वर्षानंतरच्या ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नाही. पुढे कॉलेजच्या संघात 34च खेळाडू ठेवायचा नियम आला, तेव्हा कोचने त्याला ठेवलं. आता चौथ्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंग करतोय, दर शुक्रवारी पिच करतो.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका घरी गेलो होतो. त्यांच्या कॅचर मुलाकडे स्काउट यायला लागलेत. मी तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि कितीला सही करायची तो आकडा चिठ्ठीवर लिहायला सांगितला. वडिलांनी दीड लाख लिहिला, आईने तीन. मुलाने आकडा लिहिलाच नव्हता, दोन कॉलेजांची नावं लिहिली होती. ड्राफ्टला अजून चार महिने आहेत. त्यांचं बोलणं चालू आहे.