बंदीचे 61 दिवस: दर्याकाठच्या घरांनी जून-जुलैत काय करावे

1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. दरवर्षी आदेश निघाला की बंदरावर एकच चर्चा सुरू होते, दोन महिने खायचं काय? प्रश्न खरा आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या जाळ्यात काय येणार हे बऱ्याच अंशी याच दोन महिन्यांत ठरतं, आणि त्यातलं निम्मं काम समुद्रात नसून खाडीत, शेताच्या बांधावर आणि घराच्या पडवीत आहे. म्हणून हा सल्ला नाखव्यांइतकाच (नौकामालकांइतकाच) खारपट्टीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतकऱ्यांसाठी आणि सुकं (सुकी मासळी) विकणाऱ्या बायांसाठीही आहे.

नौका मेअखेरीलाच वर

पंचांग आणि आदेश दोन्ही बाजूला ठेवून आधी आकाश बघा. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते त्याच्या पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात किनाऱ्याला घासून गेलं. त्यामुळे 31 मेच्या संध्याकाळपर्यंत शेवटची फेरी मारण्याचा हट्ट करू नका. नौका ओढताना नेहमीच्या भरतीची रेघ पुरेशी नाही. जून-जुलैच्या अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि त्यावर वारा असा हिशेब धरून जागा निवडा.

लहान होडी शाकारताना झावळ्या थेट लाकडावर टाकू नका, मध्ये वारा खेळायला जागा ठेवा. ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत घाम धरतो आणि लाकूड कुजतं. फायबरच्या होडीचं तळाचं बूच काढून ठेवा, नाहीतर एका रात्रीच्या पावसात ती पाण्याने भरते आणि सांधे तडकतात. जी नौका खाडीतच ठेवायची आहे तिला दोन नांगर द्या, शेजारच्या नौकेपासून अंतर ठेवा आणि मध्ये जुने टायर लावा. वादळात बऱ्याच नौका लाटेने न फुटता एकमेकींवर आपटून फुटतात.

इंजिनाचं तेल आता बदला, ऑगस्टमध्ये नको. जुनं तेल खाडीत ओतू नका, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण बंदरावरच्या पाण्यावरचा तवंग सगळ्यांना दिसतो.

जाळं: धुणं, सावली आणि डोळा

नायलॉनचं जाळं उन्हाने मरतं. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, जमिनीपासून वर टांगा. उंदीर मिठाच्या आणि माशाच्या वासाला येतात, म्हणून धुण्यात आळस नको. जाळ्याचे तुटके तुकडे किनाऱ्यावर किंवा पाण्यात टाकू नका. समुद्रात गेलेलं जाळं कुणाचंही नसलं तरी मासे धरत राहतं.

ट्रॉलच्या (नौकेमागे ओढत न्यायच्या जाळ्याच्या) खोळीला, म्हणजे शेवटच्या पिशवीला, 40 मिलिमीटरचा चौकोनी डोळा (जाळ्याचं भोक) महाराष्ट्रात सक्तीचा आहे. बरेच तांडेल (नौका चालवणारे प्रमुख) याला सरकारी कटकट म्हणतात. त्यामागचं कारण साधं आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा डोळा जाळं भरून ताण आला की मिटतो, मग तो कितीही मोठा असला तरी पिल्लू आतच अडकतं. चौकोनी डोळा ताणाखालीही उघडा राहतो आणि लहान मासा निसटतो. खोळ बदलायची असेल तर हेच दिवस. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, डोळा स्वतः पट्टीने मोजून घ्या.

डोलीचा, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचा, प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. जवळा, करंदी, बोंबील धरायचे तर खोळ बारीकच लागते, आणि तिच्यात पापलेटाची पिल्लंही येतात. भरती-ओहोटीच्या ओढीत तासन् तास अडकलेलं पिल्लू परत सोडलं तरी जगत नाही, म्हणून ‘सोडून द्या’ हा सल्ला इथे कामाचा नाही. कामाचा सल्ला असा, की एखाद्या ठिकाणी खोळीत पिल्लं दिसू लागली की दुसऱ्या तांडेलांना लगेच कळवा आणि काही भरत्या त्या जागेच्या डोली उचला. एकट्याने उचलली तर नुकसान, सगळ्यांनी उचलली तर निभतं. हा ठराव करायला सहकारी संस्थेची बैठक लागते, आणि बैठकीला वेळ फक्त जुलैत असतो. सप्टेंबरमध्ये कोण बसणार?

पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासा धरणाऱ्यावर तर कारवाई होतेच, तो विकत घेणाराही त्यातून सुटत नाही. परवाना अधिकाऱ्याकडून ती यादी घ्या. आपल्या बंदरावर येणाऱ्या दहा-बारा जातींची मापं एका फळीवर रंगाने काढा आणि फळी लिलावाच्या जागी ठोका. कागदावरची यादी कुणी वाचत नाही. फळीवर मासा ठेवला की वाद मिटतो.

‘आम्ही थांबायचं आणि बाहेरच्या पर्ससीनने (माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याने), एलईडीवाल्याने सगळं ओढून न्यायचं’ ही तक्रार प्रत्येक बंदरावर ऐकू येते आणि ती खोटी नाही. दिव्याच्या झोतावर मासेमारीला केंद्राने 2017 मध्ये मनाई केली, पर्ससीनवर राज्याच्या 2016 च्या अधिसूचनेने मर्यादा घातल्या, 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 ला दुरुस्ती होऊन दंड वाढला. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच. तोंडी तक्रारीने काही हलत नाही. नौकेचा क्रमांक, वेळ, मोबाइलवरचं स्थान आणि फोटो असलेली लेखी तक्रार संस्थेच्या नावाने द्या, एकट्याच्या नावाने नको.

वलगण: पोटभर खा, पण सगळी नको

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत ओढे फुगतात आणि गोड्या पाण्यातले मासे उलट्या धारेने वर चढतात. मरळ, शिंगटी, खवल अशी कितीतरी जात भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालायला निघते, हीच वलगण. बॅटरी, कोयता, पाग (फेकायचं जाळं) घेऊन वलगणीला जाणं ही कोकणातली जुनी मजा आहे आणि ती बंद करा असं मी म्हणणार नाही. गाबोळीने भरलेल्या माशाची चव काय असते हे मलाही ठाऊक आहे. पण आता गावात बॅटऱ्या दहापट झाल्या आणि ओढे तेवढेच राहिले.

म्हणून एवढं पाळा. ओढ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने किंवा बांबूच्या तट्टीने अडवू नका, निदान एक बाजू मोकळी सोडा. पहिली रात्र माशांची, दुसरी आपली, असं वाडीत ठरवता आलं तर उत्तम. पाण्यात ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटीन किंवा विजेची तार घालणं हा गुन्हा आहे, आणि त्याने खालच्या वाडीच्या विहिरीही बिघडतात. असं करणारा बहुतेक वेळा गावातलाच असतो, तेव्हा गावानेच बोलावं.

आणखी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. नव्या रस्त्यांच्या मोऱ्यांचे नळ ओढ्याच्या तळापासून हात-दीड हात उंच बसवलेले असतात. तिथे पाणी धबधब्यासारखं पडतं आणि मासा वर चढूच शकत नाही. नळाच्या तोंडाशी दगडांची पायरी-पायरीने भर घातली तर वाट मोकळी होते. ग्रामपंचायतीच्या श्रमदानाचं हे एका सकाळचं काम आहे.

भात लावणाऱ्यांनी तणनाशक मारल्यावर खाचराचं पाणी काही दिवस बांधून ठेवावं, आणि मोठ्या पावसाचा इशारा असताना फवारणी टाळावी. खाचरातून सुटलेलं पाणी ओढ्यात, ओढ्यातून खाडीत जातं. खाडीत त्या वेळी कोळंबीची पिल्लं कांदळवनाच्या मुळांत वाढत असतात. ती मोठी होऊन समुद्रात जातात आणि तिथे नाखव्याच्या जाळ्यात येतात. याच कारणाने बिगरयांत्रिक होडीला सूट असली तरी खाडीच्या तोंडाशी आडवं बारीक जाळं लावू नये. अंडी धरलेली चिंबोरी (खेकडी) मिळाली तर परत सोडा.

जिताड्याचं तळं

पेण-अलिबागच्या खारपट्टीत घरामागच्या तळ्यात जिताडा हा मासा पाळणं नवं नाही. बंदीच्या काळात हे तळंच घराला हात देतं, पण पावसाळाच त्याच्यासाठी सगळ्यात धोक्याचा.

पावसाआधी बांध भरून घ्या आणि पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाला जाळी बसवा. बांधावरून पाणी गेलं की वर्षभराची मेहनत शेजारच्या शेतात पोहत जाते. मुसळधार पावसानंतर मचूळ पाण्यावर गोड्या पाण्याचा थर बसतो आणि खाली प्राणवायू कमी पडतो. वरचं पाणी बाहेर जाईल अशी सोय ठेवा, तळाचं नको. सलग ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हापसताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य बंद करा आणि पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच फेका. खाद्य घालून त्यांना ‘ताकद’ देण्याचा मोह आवरा, उरलेलं खाद्य कुजून उरलासुरला प्राणवायूही खातं.

पिल्लं सोडायची असतील तर एकाच मापाची सोडा. जिताडा भाऊबंद ओळखत नाही, मोठं पिल्लू लहानाला गिळतं. पहिले काही आठवडे ठरावीक दिवसांनी जाळं मारून मोठी वेगळी काढावी लागतात. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी थोडी मोठी बोटुकली घ्यावीत, महाग पडली तरी शेवटी स्वस्त. खाडीतून गोळा केलेल्या पिल्लांपेक्षा बीज केंद्रातली घ्या. बारीक जाळ्याने जिताड्याचं एक पिल्लू धरताना इतर माशांची कितीतरी पिल्लं काठावर मरतात. आणलेली पिशवी आधी तळ्यावर तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, त्यानंतरच पिल्लं सोडा.

कालवं आणि शिणाण्यांची (एका जातीच्या शिंपल्यांची) शेती करणाऱ्यांनी विक्रीजोगा माल मेमध्येच काढलेला बरा. पावसाने खाडीचा खारेपणा उतरला की शिणाणे मरतात.

सुकं

पावसाळ्यात ताजं म्हावरं नसतं, तेव्हा सुक्याला भाव येतो. पण ओलसर बोंबील भाव येण्याआधी बुरशी आणतो. मेमध्ये वलांडीवर (मासे टांगायच्या आडव्या बांबूंवर) किंवा उंच मचाणावर वाळवलेला माल वाळूवर पसरलेल्या मालापेक्षा टिकतो आणि जास्त दराने जातो, दातात खडा येत नाही एवढं एक कारणही गिऱ्हाइकाला पुरतं. साठवताना पोती भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा. जाड प्लॅस्टिकच्या लहान पिशव्या केल्या तर एक उघडल्यावर बाकीचा माल दमट होत नाही. पाऊस उघडला आणि कडक ऊन पडलं की उन्हं दाखवा. किडे लागू नयेत म्हणून फवारा मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सरळ विषबाधा आहे. अशा मालाला शहरातला एकच व्यापारी परत पाठवतो आणि अख्ख्या बंदराचं नाव जातं.

कागद

एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना त्याआधीपासूनच मिळतं, तरी बऱ्याच घरांत ते नाही आणि खेळतं भांडवल दलालाकडूनच येतं. दलालाची उचल घेतली की मासा त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावा लागतो. बंदीत बँकेच्या फेऱ्या मारायला वेळ असतो, एवढं तरी उरकून घ्या.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी बचत-मदत योजना आहे. मच्छीमाराने 1500 रुपये भरायचे, सरकार 3000 घालतं. रक्कम थोडी आहे, पण ज्यांच्या नावावर नौका नाही अशा खलाशी घरांना तीही मोलाची. याच योजनेच्या गटविम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख रुपये मिळतात. परगावच्या खलाशांची नावं त्यात आहेत का, हे नाखव्याने स्वतः पाहावं.

ऑगस्ट

1 ऑगस्ट ही आदेशाची तारीख आहे, समुद्राची नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्यामागे जुन्या लोकांचा वाऱ्याचा अंदाज होता. लहान नौकांनी हवामान विभागाचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दोन्ही पाहूनच निघावं. पहिल्या दिवशी सगळ्यांनीच गर्दी केली की भाव पडतो, हे दरवर्षी घडतं आणि दरवर्षी लोक विसरतात.

बर्फ माशाच्या वजनाइतका न्या. कमी बर्फात वाचवलेले पैसे लिलावात दुप्पट जातात. बंदराच्या घाण पाण्याने मासा धुऊ नका. जाळ्यात कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) आली तर जाळं कापा आणि फोटो काढा, संरक्षित प्राणी सोडताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं.

निघण्याआधी जीवरक्षक जाकीट अंगावर घाला, खणात कोंबू नका. बिनतारी संचाचं 16 नंबरचं चॅनल चालू आहे का पाहा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे दोन्ही क्रमांक केबिनमध्ये रंगाने लिहा. नौकेवर कोण कोण आहे आणि कधी परतणार, हे संस्थेच्या वहीत नोंदवल्याशिवाय दोर सोडू नका.