जपानी शब्दांचं युजरनेम ठेवताय? आधी या चुका टाळा

मी पुण्यात शनिवार-रविवारी जपानी शिकवते, एन-फाईव्हची, म्हणजे जपानीच्या परीक्षेतल्या सगळ्यात पहिल्या पातळीची बॅच. हिरागाना, म्हणजे जपानीची पहिली लिपी, गिरवून पूर्ण व्हायच्या आत निम्म्या वर्गाचं इन्स्टाचं नाव जपानी झालेलं असतं. भाषेची एवढी ओढ बघून मला खरंच बरं वाटतं, पण दर बॅचला त्याच चुका बघून आता थकले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी तुमचं नाव जपानीत करून देणारा तो व्हॉट्सॅपवर फिरणारा तक्ता डिलीट करा. ए म्हणजे का, एम म्हणजे रिन, आय म्हणजे की, टी म्हणजे ची, आणि अमितचं झालं कारिनकीची! त्याचा जपानीशी काडीचा संबंध नाही. त्या तक्त्यात एफ म्हणजे लु लिहिलंय, आणि जपानीत ल हा उच्चारच नाही. परकी नावं तिथे कानाला ऐकू येतात तशी काताकाना लिपीत लिहितात, अमितचं फार तर अमित्तो होईल आणि स्नेहाचं सुनेहा, बास.

आता माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक. मराठी शब्द आणि जपानी शब्द एकत्र करून गोड नाव बनवायचं आणि ते जपानी माणसाला कसं ऐकू येईल हे बघायचंच नाही. माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर ओसाकाला गेली, तिथे तिने थालीपीठ, भाकरी वगैरेचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि पेजचं नाव ठेवलं 'अहो तो वाताशी'. जपानीत 'तो' म्हणजे आणि, 'वाताशी' म्हणजे मी, थोडक्यात अहो आणि मी. व्याकरण अगदी बरोबर, मराठी बायकांना तर नाव इतकं आवडलं की विचारू नका. तिने कार्डं छापली, खाली हिरागानातही तेच, आणि तिथल्या एका मेळ्यात स्टॉल लावला. एक वयस्कर जपानी आजी थालीपीठ घ्यायला आल्या, त्यांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, पटकन तोंडावर हात ठेवला आणि शेजारी पीठ मळत असलेल्या नवऱ्याकडे बघून हळूच विचारलं, "गोशुजिन देसु का?" म्हणजे, हे तुमचे यजमान का?

जपानीत आहो म्हणजे मूर्ख. ओसाकाच्या बाजूला तर हा रोजच्या बोलण्यातला शब्द, तिथे तो तसा प्रेमाने चिडवायलाही वापरतात म्हणून निभावलं, तोक्योकडच्या माणसाला तोच शब्द जास्त लागला असता. पण त्या रात्री तिचा मला रडत फोन आलाच, "ताई, मी सगळ्यांसमोर यांना मूर्ख म्हणतेय हो इतके महिने." सगळी कार्डं गेली. मग तिने दाईदोकोरो म्हणजे स्वयंपाकघर हा साधा शब्द घेतला, आणि ओसाकाला जुन्या काळापासून 'तेन्का नो दाईदोकोरो', म्हणजे देशाचं स्वयंपाकघर म्हणतात, त्यामुळे तिथल्या लोकांना तो लगेच आपला वाटला.

हेच लखनवी चिकनचे कुर्ते विकणाऱ्यांना. रोमन स्पेलिंग तेच राहतं, आणि जपानीत चिकान म्हणजे गर्दीत बायकांना नको तिथे हात लावणारा माणूस, त्याच्यापासून सावध राहा अशा पाट्या तिथे स्टेशनवर असतात. जपानी गिऱ्हाईक हवं असेल तर तो शब्द नावात नको म्हणजे नकोच.

माझी स्वतःची सवय सांगते. शब्द आवडला की मी तो हिरागानात टाईप करते आणि फक्त फोटो सर्च करते. पहिल्या वीस-पंचवीस फोटोंत काय येतं ते बघायचं, डिक्शनरीत सहा अर्थ असले तरी जपानी माणसाच्या डोक्यात आधी काय येतं ते फोटो सांगतात. ट्रान्सलेटरने दिलेला पहिला शब्द उचलून पाच मिनिटांत नाव बदलणाऱ्यांना मी वर्गात सरळ ओरडते. एक रात्र थांबा की, कुठे ट्रेन सुटतेय!

दुसरी चूक याहून जास्त दिसते. हवं ते नाव आधीच कोणीतरी घेतलेलं असतं, मग लोक काय करतात, एक अक्षर वाढवतात. इंग्रजीत चालून जातं हो, जपानीत शब्दच बदलतो. सका म्हणजे चढ, सक्का म्हणजे लेखक. युकी म्हणजे बर्फ, यूकी म्हणजे धैर्य. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीरु म्हणजे बियर. आपल्याला तर हे कळायला हवं, दिन आणि दीन, सुत आणि सूत यांवर शाळेत मार्क गेलेत आपले!

एका तबलावाल्या दादांनी 'ओतो नो मिची', ध्वनीची वाट, असं छान नाव शोधलं होतं. ते मिळेना म्हणून एक टी वाढवला आणि लोगो करून मोकळे. त्यांच्याकडे एक जपानी मुलगा तबला शिकायला यायचा, मराठीही बऱ्यापैकी बोलायचा, त्याने पोस्टर बघून अगदी मनापासून विचारलं, "गुरुजी, नवऱ्याची वाट कोण बघतंय?" ओतो म्हणजे आवाज, ओत्तो म्हणजे नवरा. दादा बरेच दिवस गप्प होते. मी त्यांना म्हटलं अक्षर वाढवू नका, शब्द वाढवा, तुमचा म्हणून एखादा. आता ते 'पुणे नो ओतो' आहेत.

उलटं पण होतं. रोमनमध्ये दीर्घ स्वरावर देतात ती आडवी रेघ युजरनेममध्ये टाकता येत नाही, म्हणून लोक ती खुशाल सोडून देतात. फूरिन म्हणजे खिडकीत टांगायची ती काचेची किणकिणणारी घंटा, आणि ऱ्हस्व फुरिन म्हणजे विवाहबाह्य संबंध. तेव्हा यू दोनदा लिहा, आळस करू नका. मी कुठलाही शब्द आधी वहीत देवनागरीत लिहिते आणि लांबवायच्या जागी अवग्रह टाकते, तोऽक्योऽ असा, मगच रोमनकडे जाते. आपल्या लिपीत ही सोय आहे तर वापरा.

बाकीचं पटापट.

स्वतःच्या नावाला सान किंवा सामा लावू नका, "मी जोशीसाहेब बोलतोय" म्हटल्यासारखं वाटतं.

'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, क्रमही आपलाच. इंग्रजीतून विचार केला की 'मिची नो ओतो' होतं, आणि तो झाला रस्त्याचा आवाज. मराठीत विचार करा, आपोआप बरोबर येईल.

शांत समुद्र म्हणजे 'शिझुका उमी' नाही, 'शिझुका ना उमी'. पण निळं आकाश मात्र 'आओई सोरा', मध्ये काही नाही. सगळ्या विशेषणांना ना लागत नाही, आधी बघून घ्या.

इकिगाई (जगण्याचं कारण), कोमोरेबी (पानांतून झिरपणारं ऊन), वाबी-साबी (अपूर्णतेतलं सौंदर्य) हे शब्द सुंदर आहेत पण केव्हाच कोणी ना कोणी घेऊन टाकलेत, त्यांच्यापुढे आकडे लावून काय मिळणार? त्यापेक्षा एन्गावा घ्या, जपानी घराची ओसरी. घरातला साधा शब्द जास्त दिवस टिकतो असा माझा अनुभव आहे.

आणि आकड्यांचंही बघा. चारचा शि हा उच्चार मृत्यूचाही, नऊचा कु हा दुःखाचाही. एका मुलाने जन्म मार्च १९८९चा म्हणून शेवटी ८९३ लावलं होतं, ते या-कु-झा असं वाचतात, तिथली गुंडांची टोळी. त्याला म्हटलं आकडा हवाच असेल तर ४६४९ लाव, यो-रो-शि-कु, ओळख असू द्या. नाहीतर ३९, सान-क्यू, थँक्यू. त्याने ३९ लावलं, आणि त्याच आठवड्यात क्योतोच्या कोणीतरी त्याला पहिला जपानी मेसेज केला.