छेद बघितल्याशिवाय क्रम लावू नका: प्रीमियर लीगच्या मोसमातले सर्वोत्तम खेळाडू आकड्यांवरून कसे ठरवावेत

मे २०१६ मध्ये लेस्टर सिटीने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल लीग, जिंकली. ८१ गुण, दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षा १० जास्त. पण त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, यावर एकमत झालंच नाही. खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीएफएने, लेस्टरचा विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा) रियाद महरेझ याला निवडलं. फुटबॉल पत्रकारांनी लेस्टरचाच स्ट्रायकर जेमी वार्डी याला निवडलं आणि लीगचा स्वतःचा पुरस्कारही वार्डीलाच गेला. सर्वाधिक गोल टॉटनहॅमच्या हॅरी केनचे होते, २५. सर्वाधिक असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास) आर्सेनलच्या मेसुत ओझिलचे, १९. आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू काढून घेणं) करणारा लेस्टरचा एन्गोलो कान्ते या सगळ्या वाटपात रिकाम्या हाताने राहिला.

आकड्यांवरून खेळाडूंचा क्रम लावायला शिकायचं असेल तर याहून चांगला मोसम मला सापडलेला नाही. स्ट्रायकर, विंगर, प्लेमेकर आणि चेंडू हिसकावणारा मिडफिल्डर असे चार वेगळ्या जातीचे दावेदार आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने एक ठसठशीत आकडा आहे. त्या आकड्यांकडे बघताना आपलं लक्ष अंशाकडे जातं: किती गोल, किती टॅकल. क्रम मात्र चुकतो तो छेदामुळे. किती मिनिटांत? किती संधींतून? चेंडू किती वेळ समोरच्या संघाकडे असताना? प्रत्येक आकड्याखाली रेघ मारायची आणि विचारायचं, भागिले किती?

आधी प्रश्न लिहून काढा

कागदावर एका वाक्यात लिहा की तुम्ही काय मोजणार आहात. ‘सर्वोत्तम’ म्हणजे सगळ्यात कुशल खेळाडू, की ज्याच्यामुळे संघाला सगळ्यात जास्त फायदा झाला तो? की ज्याने अपेक्षेपेक्षा सगळ्यात जास्त दिलं तो? ही तीन वेगळी उत्तरं आहेत. मी नेहमी दुसरा प्रश्न घेतो: या एका मोसमात, लीगच्या ३८ सामन्यांत, संघाला कोणामुळे किती मिळालं. चषक स्पर्धा, युरोपातले सामने, देशाकडून केलेली कामगिरी आणि मागच्या वर्षीची पुण्याई, सगळं बाहेर. हे वाक्य लिहिलेलं नसलं की अर्ध्या वाटेवर आपल्या आवडत्या खेळाडूसाठी प्रश्नच बदलला जातो. आणि तो बदलताना आपल्याला कळतही नाही.

तक्ता मांडा

एक्सेल किंवा गूगल शीट पुरे. प्रत्येक खेळाडूला एक ओळ. रकाने असे: क्लब, जागा, सामने, मिनिटं, गोल, त्यातल्या पेनल्टी, असिस्ट, निर्माण केलेल्या संधी, टॅकल, इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच अडवणं). प्रीमियर लीगच्या संकेतस्थळावर मूळ आकडे फुकट मिळतात. अपेक्षित गोलांसाठी (म्हणजे काय ते पुढे सांगतो) अंडरस्टॅट हे संकेतस्थळ आहे, तिथे २०१४-१५ पासूनचे मोसम आहेत.

एक काळजी घ्या. एका रकान्यातले सगळे आकडे एकाच ठिकाणाहून घ्या. असिस्टसारख्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचीही व्याख्या जागोजागी बदलते. फँटसी प्रीमियर लीग या ऑनलाइन खेळात पेनल्टी मिळवून देणाऱ्यालाही असिस्टचे गुण मिळतात, अधिकृत असिस्टच्या यादीत ते धरत नाहीत. निम्मे आकडे इकडचे, निम्मे तिकडचे घेतले तर तक्ता पहिल्या दिवशीच नासतो.

मग किमान मिनिटांची अट घाला. पूर्ण मोसम म्हणजे ३८ गुणिले ९०, ३,४२० मिनिटं. मी निम्म्याची, १,७१० मिनिटांची अट ठेवतो. नाहीतर सहा सामन्यांत चार गोल करून जखमी झालेला एखादा पोरगा यादीच्या टोकाला जाऊन बसतो.

पेनल्टी वेगळ्या काढा

पेनल्टी मारणं हे कौशल्य आहेच, पण ती संधी बहुतेक वेळा दुसऱ्याने मिळवलेली असते आणि साधारण चारातल्या तीन पेनल्टी गोलात जातातच. क्लबने पेनल्टी मारायचं काम ज्याच्याकडे दिलं त्याचा आकडा आपोआप फुगतो. २०१५-१६ मध्ये केनच्या २५ पैकी ५, वार्डीच्या २४ पैकी ५ आणि महरेझच्या १७ पैकी ४ गोल पेनल्टीचे होते. ते वजा केले की २०, १९ आणि १३ उरतात. विंगवर खेळून, पेनल्टी सोडून १३ गोल आणि वर ११ असिस्ट. महरेझच्या बाजूचा पहिला भक्कम पुरावा मला इथे दिसला.

मिनिटांनी भागा, पण तिथेच थांबू नका

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. नुसत्या धावा सांगितल्या तर आपण लगेच विचारतो, किती चेंडूंत? फुटबॉलमध्ये हाच प्रश्न ‘दर ९० मिनिटांमागे’ असा विचारतात. सूत्र सोपं आहे: गोल गुणिले ९०, भागिले खेळलेली मिनिटं.

मँचेस्टर सिटीच्या सर्जियो अग्वेरोने त्या मोसमात ३० सामन्यांत २४ गोल केले. त्याची मिनिटं २,४०० च्या आसपास धरा. केन सगळे ३८ सामने खेळला, त्याची ३,४०० धरा. दर ९० मिनिटांमागे अग्वेरोचे ०.९०, केनचे ०.६६. म्हणजे अग्वेरो सरळ पुढे? थांबा. अग्वेरो जे आठ सामने खेळला नाही त्यांत सिटीला त्याच्याकडून काहीच मिळालं नाही. केन प्रत्येक शनिवारी हजर होता. नुसता दर बघितला तर हजेरीची किंमत शून्य होते, नुसती बेरीज बघितली तर दराची.

याला एक चांगला तोडगा आहे. प्रत्येक क्लबकडे बाकावर एक बरा स्ट्रायकर बसलेला असतो. तो दर ९० मिनिटांमागे ०.३५ गोल करेल असं धरू. हे गृहीतक आहे, तुम्ही ०.३० धरा किंवा ०.४०. आता विचारा: याच मिनिटांत त्या राखीव माणसाने किती गोल केले असते आणि आपल्या खेळाडूने त्यापेक्षा किती जास्त केले?

अग्वेरोची २,४०० मिनिटं म्हणजे २६.७ पूर्ण सामने. राखीव खेळाडूचे त्यात ९.३ गोल झाले असते. २४ वजा ९.३, अग्वेरोची जास्तीची कमाई १४.७ गोल.

केनची ३,४०० मिनिटं म्हणजे ३७.८ सामने. राखीव खेळाडूचे १३.२ गोल. २५ वजा १३.२, केनची कमाई ११.८.

अग्वेरो पुढेच राहिला, पण किती पुढे ते आता नीट कळलं: साधारण तीन गोलांनी. दर आणि हजेरी दोन्ही एकाच आकड्यात आले. सोपं उदाहरण म्हणून इथे पेनल्टी धरल्या आहेत. तक्त्यात करताना पेनल्टी सोडूनच करा, आणि असिस्टसाठीही हीच रीत वापरा.

संधींनी भागा

अपेक्षित गोल, म्हणजेच एक्सजी, हे ऐकायला अवघड वाटतं पण कल्पना साधी आहे. त्या जागेवरून, त्या कोनातून मारलेले हजारो जुने फटके बघून ठरवतात की असा फटका शंभरात किती वेळा गोल होतो. सहा यार्डांवरून मोकळं जाळं असेल तर आकडा ०.८ च्या पुढे जाईल, पेनल्टी चौकोनाच्या बऱ्याच बाहेरून असेल तर ०.०३. मोसमभराच्या फटक्यांची बेरीज म्हणजे त्या खेळाडूला मिळालेल्या संधींची किंमत.

अलीकडचं उदाहरण घेऊ. २०२४-२५ मध्ये ब्रेंटफर्डच्या ब्रायन म्ब्यूमोने २० गोल केले, त्याचे अपेक्षित गोल मात्र १२ च्या आसपास होते. झालेले गोल त्याचेच, मोसमाचा क्रम लावताना ते काढून घेऊ नयेत. पण संधीपेक्षा इतकी जास्त कमाई दरवर्षी टिकत नाही. म्हणून मी गोल आणि एक्सजी यांची सरासरी घेतो. दोन्ही टोकांना थोडा न्याय मिळतो.

असिस्टच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. असिस्ट पूर्ण होतो तो दुसऱ्याच्या पायाने. ओझिलने नवीन वर्ष उजाडण्याआधीच १६ असिस्ट केले होते आणि उरलेल्या अर्ध्या मोसमात फक्त ३. लोक म्हणाले, ओझिल विझला. पण त्याने मोसमभरात १४६ संधी निर्माण केल्या, ३५ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे चारहून जास्त. पास देणाऱ्याचं माप घ्यायचं तर असिस्टच्या शेजारी निर्माण केलेल्या संधींचा रकाना हवाच. तो नसेल तर तुम्ही ओझिलच्या नावावर आर्सेनलच्या स्ट्रायकरांचे गुण मांडत असता.

बचाव मोजताना चेंडू कोणाकडे होता ते बघा

कान्तेचे त्या मोसमात १७५ टॅकल, आणि शिवाय दीडशेहून अधिक इंटरसेप्शन. दोन्हींत लीगमध्ये पहिला. पण लेस्टर मागे राहून, झपकन पलटवार करणारा संघ होता. चेंडूवरचा त्यांचा ताबा सरासरी ४५ टक्क्यांपेक्षाही कमी. चेंडू आपल्याकडे असताना टॅकल करताच येत नाही. म्हणजे कान्तेला टॅकल करायची संधीच जास्त मिळत होती. इथे छेद आहे समोरच्या संघाचा ताबा.

सामन्यामागे कान्तेचे ४.७ टॅकल. समोरच्याकडे चेंडू ५५ टक्के वेळ होता असं धरून ५० टक्क्यांच्या पातळीवर आणू: ४.७ गुणिले ५०, भागिले ५५, उत्तर ४.३. आता समजा दुसरा एक मिडफिल्डर ६० टक्के ताबा ठेवणाऱ्या संघात आहे आणि सामन्यामागे ३.२ टॅकल करतो. समोरच्याकडे चेंडू ४० टक्केच, म्हणून ३.२ गुणिले ५०, भागिले ४०, उत्तर ४.०. वरवर दीड टॅकलचं अंतर होतं, खरं ०.३ निघालं. या वजावटीनंतरही कान्ते उंचावरच राहतो. आणि अशा चाळणीतून जाऊन उरलेल्या आकड्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, मात्र टॅकलने मोजू नका. व्हर्जिल व्हान डाइक २०१८-१९ मध्ये पीएफएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लिव्हरपूलने त्या मोसमात फक्त २२ गोल खाल्ले, आणि त्याचं मोठेपण टॅकल करायची वेळच येऊ न देण्यात होतं. अशा जागेसाठी हवेतल्या चेंडूंच्या जिंकलेल्या झुंजी, किती वेळा हुलकावणी खाल्ली आणि संघाने किती एक्सजी दिलं, हे रकाने घ्या.

गोलकीपरचं थोडक्यात: क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेला सामना, अकरा जणांची असते. २०१५-१६ मध्ये आर्सेनलच्या पीटर चेकच्या १६ होत्या, लेस्टरच्या कॅस्पर श्मायकलच्या १५, आणि दोघांच्या संघांनी ३६-३६ गोल खाल्ले होते. त्याऐवजी जाळ्याच्या दिशेने आलेल्या फटक्यांतून किती गोल अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती झाले, हा फरक बघा.

आपल्या जागेवाल्यांशीच तुलना

आता सगळे आकडे एका मापात आणायचे. आपल्याकडे सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, तेच इथे करा. एक्सेलमध्ये त्यासाठी तयार सूत्र आहे. मिडफिल्डर मिडफिल्डरांत कितवा, विंगर विंगरांत कितवा. ९९ पर्सेंटाइलचा चेंडू हिसकावणारा आणि ९९ पर्सेंटाइलचा गोल करणारा मग एका ओळीत उभे राहू शकतात. हे केलं नाही तर पहिल्या दहांत आठ स्ट्रायकर येणार, हे तक्ता न मांडताही सांगता येतं.

मग भार ठरवा, आणि नावं झाकून ठरवा. विंगरसाठी मी गोल व एक्सजीला ३५, असिस्ट व संधींना ३५, चेंडू पुढे नेण्याला १५ आणि बचावाला १५ देतो. बचावात्मक मिडफिल्डरसाठी चेंडू मिळवण्याला ४५, पास आणि चेंडू पुढे नेण्याला ४०, गोलनिर्मितीला १५. यादी तयार झाली की प्रत्येक भार दहाने वर-खाली करून बघा. ज्यांची जागा हलते ते एकाच पायरीवर आहेत असं समजा आणि तसंच लिहा. ७८.४ आणि ७७.९ यांच्यात पहिला-दुसरा करणं हा आकड्यांवर अन्याय आहे.

बरोबरी झाली तर गुणांकडे बघा

बरोबरी फोडायला मी गोलाची गुणांतली किंमत काढतो. ३ ऑक्टोबर २०१५ ला अग्वेरोने न्यूकॅसलविरुद्ध ५ गोल केले, सिटी ६-१ ने जिंकली. विलक्षण खेळ. पण त्याच्या २४ पैकी ५ गोलांतून मिळून संघाच्या खात्यात तीनच गुण आले. उलट मार्च-एप्रिल २०१६ मध्ये लेस्टरने सलग चार सामने १-० ने जिंकले: वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस, साउदम्प्टन. त्यातले दोन गोल महरेझचे, एक ओकाझाकीचा, एक कर्णधार वेस मॉर्गनचा. महरेझच्या त्या दोन गोलांनी बरोबरीच्या एकेका गुणाचे तीन केले, म्हणजे थेट ४ गुण. यात नशिबाचा भाग मोठा असतो, म्हणून मुख्य गणितात याला जागा नाही. बरोबरी फोडण्यापुरतंच.

माझ्या यादीत २०१५-१६ साठी महरेझ आणि कान्ते वरच्या पायरीवर आहेत. बचावाचा भार थोडा वाढवला की कान्ते पहिला, घटवला की महरेझ. गुणांच्या कसोटीवर मी महरेझला वर ठेवलं. त्याखालच्या पायरीवर अग्वेरो, वार्डी, ओझिल आणि केन. वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल करून विक्रम केला, तो थरार मी विसरणार नाही, पण सलगपणाला तक्त्यात वेगळा रकाना नाही.

पुढच्या मोसमात कान्ते चेल्सीत गेला. चेल्सी ५० गुणांवरून ९३ वर आणि विजेतेपदावर गेली, लेस्टर ८१ वरून ४४ वर आला, आणि पीएफएचा पुरस्कार कान्तेला मिळाला. चेल्सीचा नवा प्रशिक्षक अँतोनिओ कॉन्ते याची नवी मांडणी, लेस्टरवरचा चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या स्पर्धेचा ताण, अशी इतर कारणंही त्यात होती. २०१५-१६ च्या यादीत मी त्यामुळे काही बदललं नाही, कारण प्रश्न त्या ३८ सामन्यांचा होता. २०१६-१७ चा तक्ता मांडताना मात्र चेंडू मिळवण्याचा भार ४० होता तो ४५ केला, आणि तो नावं झाकूनच.