डुर्स ग्र्यूनबाइन वाचायचा कसा: नव्वद मिनिटांच्या वाचनसत्राची तयारी

नागपुरात परदेशी कवीवर कार्यक्रम ठेवला की त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. अर्धा तास चरित्र, मग पुरस्कारांची यादी, शेवटी घाईघाईत दोन कविता आणि आभारप्रदर्शन. जर्मन कवी डुर्स ग्र्यूनबाइनच्या बाबतीत हा साचा हमखास फसतो. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे प्रसंग थोडे, आणि जे आहेत ते कवितेत आणि निबंधांत आधीच येऊन गेलेले. म्हणून खालची मांडणी उलट्या क्रमाची आहे: आधी कविता वाचायची आणि ती जिथे अडेल तिथेच एखादी तारीख, एखादं नाव पुरवायचं. १२ ते १८ माणसांचं मंडळ आणि एक संध्याकाळ गृहीत धरली आहे.

पुस्तक कोणतं घ्यावं

एकच घ्या: 'पोर्त्सेलान', २००५ सालचं. नावाचा अर्थ चिनी माती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात झालेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या नाशावरची ही ४९ कवितांची मालिका आहे आणि प्रत्येक कविता बरोबर दहा ओळींची. कॅरन लीडर यांचा इंग्रजी अनुवाद 'पोर्सेलिन' २०२० मध्ये आला, तोही कोलकात्याच्या सीगल बुक्सकडून. म्हणजे परदेशातून मागवण्याची गरज नाही. तरी बर्डीवरच्या दुकानात सहज मिळेल या भरवशावर राहू नका, प्रकाशकाकडेच मागणी नोंदवा आणि सत्राच्या निदान दीड महिना आधी नोंदवा.

हेच पुस्तक का, तर दहा ओळी. विदर्भातल्या वाचकाच्या कानाला हा आकार नवा नाही. कवी अनिलांच्या 'दशपदी'ला १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून तो इथे घरचाच झाला आहे. सत्राच्या आरंभी अनिलांची एक दशपदी वाचा, त्यावर काही बोलू नका आणि सरळ ग्र्यूनबाइनच्या पहिल्या कवितेवर या. दहा ओळींत अनिल एक भाव पूर्णत्वाला नेतात. ग्र्यूनबाइन त्याच जागेत इतिहास, टोमणा, एखादं विशेषनाम आणि स्वतःवरचा संशय कोंबतो. हा फरक भाषणाने सांगावा लागत नाही, ऐकूनच कळतो.

मंडळाला युद्धाचा विषय नको असेल तर दुसरा पर्याय आहे. १९९१ च्या 'शेडेलबाझिसलेक्त्सिऑन' या संग्रहात सरहद्दीवरच्या कुत्र्याच्या तोंडून आलेली एक कवितामालिका आहे. ती कुत्र्यांवर प्रयोग करणारा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह याच्या आणि प्रयोगशाळेत वापरलेल्या कुत्र्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. मायकेल हॉफमन यांच्या 'अ‍ॅशेस फॉर ब्रेकफास्ट' या २००५ च्या इंग्रजी निवडसंग्रहात ती सापडते. पूर्व जर्मनीत वाढणं म्हणजे काय, हे कुठल्याही प्रास्ताविकापेक्षा तिच्यातून लवकर कळतं. पण पहिल्या सत्राला 'पोर्त्सेलान'च बरं.

कविता निवडताना

४९ पैकी पाचच घ्या. सहावी घेतली की चर्चा कापावी लागते आणि लोक नेमके रंगात आलेले असताना सूत्रसंचालक घड्याळ दाखवू लागतो. पहिल्या क्रमांकाची कविता हवीच, कारण तिथे कवी स्वतःलाच हटकतो: तू जन्मलास त्याच्या कितीतरी आधी तुझं शहर गेलं, मग आता गळा कशाला काढतोस? सगळ्या मालिकेचा सूर या एका प्रश्नात आहे. उरलेल्या चार निवडताना एक बॉम्बहल्ल्याच्या रात्रीची, एक ड्रेस्डेनजवळच्या माइसेनच्या चिनी मातीची आठवण करून देणारी, एक हल्ल्याआधीच्या नाझी वर्षांकडे बोट दाखवणारी आणि एक नंतरच्या, पडझड झालेल्या शहरात वाढलेल्या मुलाची, असा मेळ साधा. चारही कविता आगीच्या आणि ढिगाऱ्यांच्या घेतल्या तर सत्र शोकसभा होतं. कवीने दहाहून जास्त वर्षं जी कसरत केली ती नेमकी हे टाळण्यासाठी.

प्रत्येक कविता स्वतंत्र पानावर, १४ पॉइंटमध्ये टाइप करा आणि डाव्या कडेला १ ते १० ओळक्रमांक घाला. हे क्रमांक विसरू नका. ते नसले तर अर्धी चर्चा 'ती वरून तिसरी की चौथी हो?' यातच जाते. १६ माणसांना पाच कविता म्हणजे ८० पानं. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मात्र काढू नका. एक तर ते बेकायदा आहे, आणि शिवाय पुस्तक हातात आलं की लोक पुढची पानं चाळत बसतात.

तारखांचं टिपण

ए-फोरच्या एका बाजूला मावेल एवढंच. आठ नोंदी पुरतात. १७१०: ड्रेस्डेनजवळ माइसेनला चिनी मातीचा कारखाना सुरू. ९ नोव्हेंबर १९३८: ड्रेस्डेनचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) जाळलं. १३ ते १५ फेब्रुवारी १९४५: ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांचे हल्ले. ऑगस्ट १९६१: बर्लिनची भिंत. ९ ऑक्टोबर १९६२: ड्रेस्डेनमध्ये ग्र्यूनबाइनचा जन्म. १९८८: पहिला संग्रह 'ग्राउत्सोनं मॉर्गेन्स'. ९ नोव्हेंबर १९८९: भिंत उघडली. ३० ऑक्टोबर २००५: बॉम्बहल्ल्यात कोसळलेलं फ्राउएनकिर्श हे चर्च पुन्हा बांधून खुलं. दोन्ही ९ नोव्हेंबरमध्ये एक्कावन्न वर्षांचं अंतर आहे आणि बोलताना त्यांची गल्लत होतेच. टिपणावर त्यांच्याखाली रेघ ओढून ठेवा.

१९८८ च्या नोंदीला एक ओळ जोडावी. कवी तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये राहत होता आणि पुस्तक निघालं पश्चिमेकडच्या फ्रँकफुर्टच्या सुअरकाम्प प्रकाशनाकडून. त्यामागे नाटककार हायनर म्युलर यांची शिफारस होती. त्याआधी हुम्बोल्ट विद्यापीठातलं नाट्यशास्त्राचं शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडलेलं. एवढं चरित्र पुरे. पुरस्कारांपैकी एकच सांगा: १९९५ चं गेओर्ग ब्युश्नर पारितोषिक, जर्मन साहित्यातला सर्वांत मोठा मान, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. अगदी ताजी बातमी हवीच असेल तर त्याच्या कवितांच्या 'सायकी रनिंग' या कॅरन लीडर यांच्याच अनुवादाला २०२५ चं कॅनडातलं ग्रिफिन काव्य पारितोषिक मिळालं. आणि हो, 'हे म्हणजे ते टिनच्या ढोलवाले का?' असं कोणीतरी विचारेल. ते 'द टिन ड्रम' कादंबरीचे लेखक गुंटर ग्रास.

दोन लाखांचा आकडा

या सत्रात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर. ड्रेस्डेनच्या मृतांचा आकडा दोन लाख किंवा त्याहून जास्त असल्याचं अजूनही बिनधास्त सांगितलं जातं. तो नाझी प्रचाराने फुगवलेला आकडा आहे. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यानुसार मृत जास्तीत जास्त २५,००० होते. हा आकडा टिपणावर छापाच. कोणी दोन लाख म्हणालं तर वाद घालत बसू नका, टिपण दाखवा आणि पुढच्या ओळीवर या.

आकडा का महत्त्वाचा, तर ड्रेस्डेनला निव्वळ बळी ठरवणारं राजकारण जर्मनीत युद्धानंतरही चालू राहिलं. ग्र्यूनबाइन त्यात सामील होत नाही. शहर गेलं याचं दुःख तो करतो आणि लगेच विचारतो की आधी इथे काय चाललं होतं. चर्चा 'बिचारं शहर' या दिशेला घसरू लागली तर विक्टर क्लेम्परर यांचं उदाहरण द्या. ड्रेस्डेनमध्ये राहणारे हे ज्यू प्राध्यापक. १३ फेब्रुवारीला ते शहरात उरलेल्या ज्यूंना हद्दपारीच्या नोटिसा पोहोचवत होते, कारण त्यांना ते काम लावलं होतं. त्या रात्री बॉम्ब पडले, गोंधळ माजला, आणि ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा कपड्यावरचा पिवळा तारा काढून ते निसटले. ज्या आगीत शहर जळलं तीच त्यांच्या सुटकेची वाट ठरली. एवढं सांगितलं की कवितेतला तिरकसपणा कुठून येतो ते वेगळं समजावावं लागत नाही.

दुसरी घसरण हिरोशिमाची तुलना. ती दोन मिनिटांत आटोपली तर ठीक, नाहीतर उरलेल्या चार कविता राहून जातात.

मराठीत कसं सांगायचं

बहुतेक मंडळी इंग्रजी अनुवादावरून मराठीकडे येणार. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त एक शिस्त पाळा. एका कवितेला दीड-दोन तास धरा आणि वहीत तीन रकाने पाडा: ओळक्रमांक, त्या ओळीचा साधा मराठी अर्थ, त्या ओळीतली नावं आणि जागा. हे काव्यरूप भाषांतर नव्हे. वृत्त, यमक यांच्या नादी लागू नका. त्यासाठी महिने लागतात, आणि उतावीळपणे केलेलं यमक कवितेचं हसं करतं. मशीनकडून भाषांतर करून घेतलं तर दोन गोष्टी हमखास बिघडतात. वाक्यं सरळ करताना दहाच्या सात किंवा बारा ओळी होतात, आणि कवी स्वतःशी एकेरीत बोलतो तिथे 'तुम्ही' किंवा 'आपण' येतं. मग पहिल्याच कवितेत तो स्वतःला हटकतोय की श्रोत्यांना, हे कळेनासं होतं.

गावात जर्मन शिकवणारं कोणी ओळखीचं असेल तर पहिली कविता मूळ भाषेत वाचून घ्या. एकच. पाचही वाचल्या तर भाषा न कळणारे लोक तिसऱ्यापासून मोबाइल काढतात. कोणी नसेल तर लीरिकलाइन या संकेतस्थळावर कवीच्या स्वतःच्या आवाजातली वाचनं आहेत. त्यातलं एखादं आधी डाउनलोड करून ठेवा, ऐन वेळी नेटवर विसंबू नका.

वाचणाऱ्याला एक ताकीद हवी. आपल्याकडे गझलेच्या मैफलीची सवय पक्की. ओळ संपली की थांबायचं, दाद घ्यायची, ओळ पुन्हा म्हणायची. ग्र्यूनबाइनचं वाक्य एका ओळीतून दुसरीत वाहत जातं. ओळीच्या शेवटी थांबलात तर अर्थ तुटतो. थांबायचं ते विरामचिन्हावर. त्यासाठी वाचकाने कागदावर श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून निदान तीनदा मोठ्याने वाचलेलं असावं. एक कविता संथपणे वाचायला सुमारे एक मिनिट लागतं. ४० सेकंदांत संपत असेल तर वाचक घाई करतोय.

जागा, वेळ आणि कूलर

१३ फेब्रुवारीच्या आसपासची संध्याकाळ साधली तर विषयालाही धरून होतं आणि नागपूरची हवाही बरी असते. एप्रिल-मेमध्ये घ्यायचंच असेल तर साडेसहाच्या आत सुरू करू नका आणि कूलरचा विचार आधी करा. कूलरच्या घरघरीत कविता ऐकू येत नाही, आणि माइक लावला तर माइकमधून कूलरही ऐकू येतो. त्यापेक्षा खोली तासभर आधी गार करून घ्या आणि वाचनाच्या त्या एका मिनिटापुरता कूलर बंद ठेवा. सभागृहापेक्षा धंतोली-धरमपेठेतला एखादा मोठा दिवाणखाना चांगला. खुर्च्या गोलात लावा. चहा-पोहे शेवटी, मध्ये दिले तर परत बसवायला पंधरा मिनिटं जातात.

वेळेची वाटणी अशी: प्रास्ताविक ५ मिनिटं, दशपदी आणि जर्मन वाचन धरून १०, पाच कवितांना प्रत्येकी ९ म्हणजे ४५, निबंध २०, उरलेली १० मोकळी. प्रत्येक कवितेच्या ९ मिनिटांत ती दोनदा वाचायची. पहिल्या वाचनानंतर ओळीओळीचा मराठी अर्थ, मग पुन्हा वाचन, मग बोलणं. दुसरं वाचन वेळ वाचवायला गाळू नका. पहिल्यांदा लोक फक्त नावं ऐकत असतात.

निबंध कुठे बसवायचा

ग्र्यूनबाइनचं गद्य कवितेइतकंच महत्त्वाचं आहे. एका निबंधात तो दान्तेच्या नरकाची मापं काढणाऱ्या गॅलिलिओपासून सुरुवात करतो. ब्युश्नर पारितोषिकाच्या भाषणात तो एकोणिसाव्या शतकातला नाटककार ब्युश्नर याच्या नाटकांइतकाच ब्युश्नरनेच माशांच्या मज्जासंस्थेवर केलेल्या शास्त्रीय संशोधनाकडे वळतो. पण या सत्रासाठी ऑक्सफर्डमध्ये २०१९ साली दिलेली चार व्याख्यानं सोयीची. इंग्रजीत ती 'फॉर द डाइंग काव्ह्ज' या नावाने सीगलनेच काढली आहेत. पहिलं व्याख्यान हिटलरचं डोकं छापलेल्या टपाल तिकिटापासून निघतं, दुसरं जर्मन महामार्गांवर आहे, तिसरं हवाई युद्धावर. तिसरं 'पोर्त्सेलान'ला थेट जोडलेलं वाटतं, तरी घ्यावं पहिलंच. हातात मावणाऱ्या वस्तूवरून हा माणूस इतिहासात कसा शिरतो ते त्यात दिसतं, आणि कवितांमध्ये चिनी मातीचं तो काय करतो त्याचा उलगडा होतो. शिवाय बॉम्बवर ४५ मिनिटं बोलून झाल्यावर पुन्हा बॉम्ब नकोत.

त्यातला सुमारे ६०० शब्दांचा उतारा मराठीत सांगण्यासाठी तयार करा. मोठ्याने वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यानंतर कोणालाही 'तुम्हाला काय वाटलं?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'छान' म्हणतात. विचारा की आता पाचपैकी कोणत्या कवितेतली कोणती ओळ वेगळी ऐकू येते. ओळक्रमांक छापलेले आहेतच.

सत्रानंतर मराठी अर्थाचे कागद कोणीतरी दिवाळी अंकाला पाठवू या म्हणेल. मंडळात वाचणं आणि छापणं यांत फरक आहे. कवी हयात आहे, हक्क राखलेले आहेत, आणि मराठी अनुवाद छापायचा तर सुअरकाम्पच्या हक्क विभागाला लिहावं लागतं. प्रकाशनसंस्था २०१० पासून बर्लिनमध्ये आहे. पत्रात कोणत्या क्रमांकाच्या कविता, किती, कोणत्या अंकात, अंदाजे प्रती किती आणि भाषांतर जर्मनवरून की इंग्रजीवरून, हे सगळं पहिल्याच पत्रात लिहा. इंग्रजीवरून असेल तर तेही लपवू नका, कारण तेव्हा लीडर यांच्या अनुवादाचीही परवानगी घ्यावी लागते. अंकाची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपते, तेव्हा फेब्रुवारीचं सत्र झालं की मार्चमध्येच पत्र जायला हवं.