प्रपंचातले अर्पण: रोजच्या कामात आणि घरात कॅथलिक श्रद्धा कशी जगावी

नोकरी, घरकाम, मुलांचा अभ्यास आणि वडीलधाऱ्यांची देखभाल यांतून जेमतेम उसंत मिळणाऱ्या कॅथलिक माणसाला बहुधा एकच खंत असते, ती म्हणजे देवासाठी वेळ उरत नाही. या खंतेमागे एक समजूत दडलेली असते: अध्यात्म हे धर्मगुरूंचे आणि मठवासीयांचे क्षेत्र असून प्रापंचिकांच्या वाट्याला त्यातले उरलेसुरले येते. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण याच्या नेमकी उलट आहे. जिनेव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रापंचिकांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात असे बजावले की भक्तीची रीत ज्याच्या त्याच्या व्यवसायाला, ताकदीला आणि कर्तव्यांना साजेशी असावी. कारागीर काम सोडून दिवसभर चर्चमध्ये बसू लागला तर ती भक्ती विपरीत ठरेल. पुढे १९६४ मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजातील एक पूर्ण प्रकरण सर्वांना असलेल्या पवित्रतेच्या पाचारणाला दिले, आणि प्रापंचिकांचे दैनंदिन श्रम, त्यांचे वैवाहिक व कौटुंबिक जीवन, इतकेच नव्हे तर त्यांची शरीरमनाची विश्रांतीही पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने झाल्यास देवाला मान्य असे आध्यात्मिक अर्पण होते, असे सांगितले. यातला ‘अर्पण’ हा शब्द घट्ट धरून ठेवावा, कारण पुढे सांगितलेले सारे त्याच्याच आधाराने उभे आहे.

दिवसाची सुरुवात सकाळच्या अर्पणप्रार्थनेने करावी. या प्रार्थनेच्या प्रसारामागची हकिगत मला फार बोलकी वाटते. १८४४ साली फ्रान्समधील वाल्स येथे शिकणारे येशूसंघ (जेज्युइट) या धर्मसंघाचे तरुण दूरदेशी मिशनकार्याला जाण्यासाठी इतके उतावीळ झाले होते की समोरचा अभ्यास त्यांना निरर्थक वाटू लागला होता. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितले की तुमचा हा अभ्यास, त्यातला कंटाळा आणि दिवसभरातले कष्ट देवाला अर्पण करा, म्हणजे इथे बसूनही तुम्ही मिशनकार्यच कराल. हीच गोष्ट आपल्याला करायची आहे. उठल्यावर, फोन हातात घेण्यापूर्वी, क्रूसाची खूण करावी आणि आजचा दिवस प्रभू येशूच्या हाती द्यावा. मात्र ‘सगळे अर्पण करतो’ एवढ्यावर थांबू नये, कारण असे मोघम अर्पण तासाभरात विसरले जाते. आज ज्याची धास्ती वाटते असे एक काम आणि ज्याच्याशी बोलणे जड जाते अशी एक व्यक्ती, यांचा नाव घेऊन उल्लेख करावा, आणि तो त्रास कुणासाठी वाहायचा तेही ठरवावे: आजारी मित्रासाठी, नोकरी गमावलेल्या भावासाठी, नुकत्याच देवाघरी गेलेल्या कुणासाठी. याला दोन मिनिटे पुरतात.

कामाच्या ठिकाणी खरी परीक्षा सुरू होते. ‘काम हीच प्रार्थना’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण ते अर्धेच खरे आहे. काम आपोआप प्रार्थना होत नाही. ते कुणासाठी आणि कसे केले, यावर ते अवलंबून असते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या मठाच्या नियमावलीत कोठारप्रमुखाला अशी आज्ञा आहे की मठातील सर्व भांडी आणि सामानसुमान त्याने आल्तारावरील (वेदीवरील) पवित्र पात्रांसारखे मानावे. ही दृष्टी आपल्या टेबलावर, यंत्रावर, शिवणकामावर किंवा हिशेबाच्या वहीवर लावून पाहावी. हत्यार नीट पुसून ठेवणे, दुसऱ्याला वाचता येईल अशी नोंद करणे, कुणी तपासणार नाही हे माहीत असूनही मोजमाप अचूक करणे, या गोष्टी प्रामाणिकपणाच्या आहेतच, पण अर्पण केलेल्या कामाच्या बाबतीत त्या उपासनेचाही भाग होतात. सदोष वस्तू आपण जाणूनबुजून आल्तारावर ठेवत नाही, तर मग निष्काळजीपणे उरकलेले काम देवाला कसे वाहावे?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमांवर काढलेल्या परिपत्रात (साऱ्या ख्रिस्तसभेसाठीच्या शिकवणपत्रात) कामाच्या प्रतिष्ठेचे मूळ दाखवून दिले आहे: कामाचे मोल प्रथम ते कोणत्या प्रकारचे आहे यावरून ठरत नाही, तर ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. ज्यांना आपले काम क्षुद्र वाटते त्यांनी, आणि ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात त्यांनी तर अधिकच, या वाक्यावर चिंतन करावे. सफाई करणाऱ्याला नावाने हाक मारणे, मजुरी वेळेवर देणे, गैरहजर सहकाऱ्याची निंदा सुरू झाली की विषय बदलणे, हेही कॅथलिक अध्यात्मच आहे. जपमाळ खिशात असून जीभ मोकाट सुटली असेल, तर त्या माळेचा उपयोग कमीच.

दिवसभर देवाचे स्मरण राहावे यासाठी मोठ्या प्रार्थनांची गरज नसते. सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेल संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स हे मठवासी स्वयंपाकघरात राबत होते. त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरीही ते देवाच्या प्रेमापोटी करताना, भांड्यांच्या गडबडीतही त्यांना देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच जाणवू लागले. आपल्यासाठी सोपा मार्ग असा की रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला एक लहानशी प्रार्थना जोडून टाकावी. दार उघडताना ‘प्रभू, माझ्यासोबत चल’, रागावलेला निरोप वाचल्यावर उत्तर लिहिण्यापूर्वी ‘येशू, माझ्यावर दया कर’, काम संपल्यावर ‘तुझे आभार’. दुपारी बारा वाजता शक्य असल्यास देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना (एंजलस) म्हणावी. तेव्हा मीटिंग चालू असेल तर मनातल्या मनात एक ‘नमो मरिये’ ही मरियेची छोटी प्रार्थना पुरे.

आता घराकडे वळू या, कारण माझ्या मते घर हेच अधिक अवघड आहे. बाहेर आपण सभ्यपणा सांभाळतो आणि थकवा मात्र घरच्यांवर काढतो. व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले, पण हे शब्द वाचून भिंतीवरच्या प्रतिमा आणि मेणबत्त्याच डोळ्यांसमोर आणू नयेत. ख्रिस्तसभेच्या लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य, परंपरेच्या शिकवणीनुसार विवाहसंस्कार वधू आणि वर हेच एकमेकांना देतात, धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात. आणि त्या संस्काराची कृपा लग्नाच्या दिवसापुरती नसते, ती आयुष्यभर पुरवायची असते. रात्री बाळ रडू लागल्यावर जोडीदाराला झोपू देऊन स्वतः उठणे ही ती कृपा वापरण्याची एक रीत आहे. पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबांना तीन साध्या बोलांची आठवण वारंवार करून दिली: ‘चालेल का?’, ‘आभारी आहे’ आणि ‘माझे चुकले’. यांतला तिसरा बोल आईवडिलांनी मुलांसमोर उच्चारला, तर क्षमा म्हणजे काय हे मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाआधीच कळते.

कौटुंबिक प्रार्थना लहान असावी, पण चुकू नये. संपूर्ण जपमाळ म्हणण्याचा आग्रह धरून महिन्याभरात ती बंद पडण्यापेक्षा रोज तिचे एकच दशक, म्हणजे दहा ‘नमो मरियां’चा एक भाग, म्हणावे, आणि कोणासाठी म्हणायचे ते मुलांना आळीपाळीने ठरवू द्यावे. त्यांनी आजारी मांजर सांगितले तरी हसू नये. झोपण्यापूर्वी मुलांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करून आशीर्वाद देण्याची जुनी प्रथा अवश्य पाळावी. दिवसभर कितीही रागावून बोललो असलो तरी त्या क्षणी दोघांचाही राग निवळतो. आणि आजाऱ्याच्या अंथरुणापाशी बसल्यामुळे प्रार्थना राहून गेली, तर प्रार्थना चुकली असे समजू नये.

ज्यांना विवाहित संतांचा आदर्श हवा असेल त्यांनी लुई आणि झेली मार्टिन यांचे चरित्र वाचावे. लुई घड्याळजी होते आणि झेली आलाँसाँची प्रसिद्ध लेस बनवण्याचा स्वतःचा व्यवसाय चालवीत. लुई रविवारी दुकान उघडत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक जाते हे ठाऊक असूनही. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. झेली यांची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांत मुलांची आजारपणे, कामाची ओढाताण, थकवा आणि देवावरचा भरवसा हे सारे एकाच दमात येते. २०१५ मध्ये या जोडप्याला एकत्र संतपद बहाल झाले. त्यांची सर्वांत धाकटी मुलगी म्हणजे पुढे कार्मेल मठात गेलेली लिझ्यूची संत तेरेजा. मठात चिंतनाच्या वेळी मागे बसलेली एक भगिनी सतत विचित्र आवाज करी, तेव्हा मागे वळून नापसंतीने पाहण्याऐवजी तेरेजा तो आवाज जणू सुरेल संगीत असावे तसा ऐकून येशूला अर्पण करीत असे. घरातल्या माणसांच्या सवयी सहन होईनाशा झाल्या की ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: मारहाण, छळ किंवा कामावरची पिळवणूक मुकाट्याने सोसणे म्हणजे अर्पण नव्हे. तेथे मदत मागणे आणि अन्यायाला विरोध करणे हेच कर्तव्य ठरते.

रात्री संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण करावे. त्यात प्रथम दिवसभरातील कृपादानांबद्दल देवाचे आभार मानायचे, मग स्वतःला खरे पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. आभाराची पायरी गाळू नये. ती गाळली की आत्मपरीक्षणाची जागा स्वतःला टोचत बसणे घेते. वारंवार तेच तेच आढळू लागले, तर ते प्रायश्चित्त संस्काराच्या (पापकबुलीच्या) वेळी धर्मगुरूंपुढे मांडावे.

या सर्वांचे केंद्र रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना, आहे. अर्पणविधीत भाकरीचा उल्लेख भूमीचे फळ आणि मानवी हातांचे काम असा होतो, तेव्हा आपलेही हात त्यात आहेत हे लक्षात ठेवून, गेल्या आठवड्यातील एक ठरावीक गोष्ट त्या थाळीत मनोमन ठेवावी: अपुरे राहिलेले काम, मिटलेले भांडण, डॉक्टरांनी दिलेली बातमी. कोणती गोष्ट ठेवायची ते शनिवारी रात्रीच ठरवलेले बरे, कारण चर्चमध्ये लहान मुले सांभाळताना ते सुचत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने वरीलपैकी फक्त सकाळचे अर्पण आणि ही रविवारची तयारी एवढेच महिनाभर करावे, आणि एखादी सकाळ चुकली तर दुपारी जेवायला बसताना, आहे तेथूनच, उरलेला दिवस अर्पण करावा.