कॅनकूनच्या रिसॉर्टमध्ये शाकाहारी मंडळींसाठी चिठ्ठी

मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या ऑल-इन्क्लुझिव्ह (राहणं-खाणं एकाच भाड्यात) रिसॉर्टमध्ये खाण्याची रेलचेल असते, पण ‘आम्ही व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलं की मांस वगळून मासे पुढे येऊ शकतात. साधा दिसणारा भातही अनेकदा कोंबडीच्या सूपमध्ये शिजवलेला असतो आणि घोटलेला राजमा डुकराच्या चरबीत परतलेला. आई-बाबा बरोबर असतील तर हे आधीच निस्तरलेलं बरं.

१. निघण्यापूर्वी फोनवर भाषांतर करून स्पॅनिशमध्ये चिठ्ठी लिहा: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडं नको, मांसाचं सूप आणि चरबीही नको. चार-पाच प्रती काढा, एक फोनमध्ये ठेवा.

२. पोचल्या दिवशीच बुफेच्या मुख्य शेफला गाठून चिठ्ठी द्या. गर्दीच्या वेळी नको, रेस्टॉरंट उघडता उघडता जा. शेफ स्वतः टेबलापाशी येऊन काय चालेल ते दाखवतात, कधी वेगळी भाजीही परतून देतात.

३. दोन शब्द तोंडपाठ करा. ‘मान्तेका’ म्हणजे चरबी, ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी. ऐकायला सारखेच, म्हणून भांड्याकडे बोट दाखवून ‘मान्तेका?’ असं सावकाश विचारा. मक्याची टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) बहुतेक वेळा नुसत्या मक्याच्या पिठाची असते. गव्हाच्या टॉर्टियात मात्र चरबी असू शकते, तिथे विचाराच.

बुफेत एकच चिमटा सगळ्या भांड्यांत फिरतो. घरात कुणाला कोळंबीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर चिठ्ठीवर विसंबू नका. बुकिंग करतानाच रिसॉर्टला लेखी कळवा आणि औषध जवळ ठेवा.