बी.फार्मचा कॅप फॉर्म: झेरॉक्सच्या दुकानातून

धनकवडीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. शेजारच्या गाळ्यात धाकट्या भावाचं मेडिकल. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की फार्मसीवाली पोरं आधी त्याच्या काउंटरला टेकतात, “दादा, याला स्कोप आहे का?” म्हणून विचारतात, आणि तो गोळ्यांची पाकिटं कापता कापता मानेनेच माझ्या दुकानाकडे खूण करतो. स्कोपचं मला कळत नाही. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्मचं कळतं, कारण दर पावसाळ्यात माझ्या स्टुलावर बसून पन्नासेक पोरं तो भरतात.

फॉर्म भरणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पोरं सीट घालवतात ती दोन ठिकाणी: दाखल्यांत आणि कॉलेजांचा क्रम लावताना. म्हणून बाकीचं भराभर सांगते.

आधी कोर्स पक्का करा. डी.फार्म दोन वर्षांचा डिप्लोमा, त्याला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, नाही, बारावीच्या मार्कांवर मिळतो. बी.फार्म चार वर्षं, आठ सेमिस्टर. फार्म.डी. सहा वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. डी.फार्म करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भाऊ तसाच गेला, आणि अजून सांगतो की काउंटरवरचं शहाणपण त्याला डिप्लोमात आलं. पण तो त्याचा स्वभाव. ज्याला पुढे कंपनीत किंवा एम.फार्मला जायचंय, त्याने सरळ बी.फार्म धरावं.

बी.फार्मला एमएचटी-सीईटी लागते, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) नाहीतर पीसीएम (बायोऐवजी मॅथ्स), कुठल्याही ग्रुपची. बायो सोडलेल्या मुलाला फार्मसी मिळत नाही असं अजून कितीतरी पालक समजतात. मिळते. पहिल्या सेमिस्टरला त्याला ‘रेमेडियल बायोलॉजी’ करावं लागतं आणि मॅथ्स नसलेल्याला ‘रेमेडियल मॅथ्स’, एवढंच. दोन्ही ग्रुप दिले असतील तर ज्यात पर्सेंटाइल जास्त, तो धरतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि तिसरा विषय मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव वर्गाला ४०.

आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. भोरहून आलेल्या एका काकांनी पोरीला सीईटीत “८१ टक्के पडले” म्हणून दुकानात पेढे वाटले होते. पेढे खाल्ले मी, पण मग समजावून सांगावं लागलं: ८१ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ८१ मुलं तिच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. पुढे किती आहेत ते मोजा, कारण सीटची मारामारी पुढच्यांशी असते.

आता दाखले. हे काम मे महिन्यात करायचं. निकालानंतर खडकमाळ आळीच्या तहसील कचेरीसमोरची रांग बघितली की माझंच डोकं दुखतं. अर्ज ‘आपले सरकार’वरून घरबसल्या करता येतो, पण दाखला हातात पडायला दिवस लागतातच.

डोमिसाइलचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. हा एक कागद दोन कामं करतो, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘भारतीय’ लिहायचं राहिलं असलं तरी घाबरू नका. नावाचं स्पेलिंग मात्र दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच सगळीकडे हवं. आधारवर एक ‘ए’ जास्त असेल तर तो आजच दुरुस्तीला टाका.

ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसी मुलांना नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, लागतं. त्यावरची तारीख बघा. ज्या वर्षी प्रवेश घेताय, त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे. मागच्या मार्चला संपलेलं कामाचं नाही. हे मी इतकं ठासून सांगते, कारण एकदा वेल्ह्याच्या एका पोराला मीच “चालेल रे” म्हणाले होते. छाननीत ते परत आलं, नवं वेळेत मिळालं नाही, आणि पोरगं खुल्या वर्गात गेलं. त्याची आई मला काही बोलली नाही. तिने नुसती फाइल उचलली आणि गेली. त्या दिवसापासून तारीख बघितल्याशिवाय मी कुणाचा कागद स्कॅनरवर ठेवत नाही.

जातवैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याची व्हॅलिडिटी, बारावीत असतानाच टाकायची. त्या अर्जाला ज्युनिअर कॉलेजची सही-शिक्का लागतो, आणि कॉलेज सोडल्यावर ती सही मिळवणं म्हणजे दहा हेलपाटे. वैधता हातात नसेल तर अर्जाच्या पावतीवर फॉर्म पुढे सरकू शकतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ कागद दाखवला नाही की राखीव सीट जाते. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिक दुर्बल घटक) राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र काढावं. नीटसाठी काढलेलं केंद्राच्या नमुन्यातलं इथे घेत नाहीत, आणि दरवर्षी दोघंचौघं तेच घेऊन येतात.

कागद झाले की सीईटी सेलच्या साइटवर बी.फार्म आणि फार्म.डी.च्या कॅपसाठी वेगळी नोंदणी करायची. सीईटीचा फॉर्म भरला म्हणजे कॅपचा भरला, असं नाही. छाननीला दोन रस्ते: ई-स्क्रुटिनी, म्हणजे घरून अपलोड, नाहीतर सुविधा केंद्रावर जाऊन. माझा धंदा ऑनलाइनचा असूनही सांगते, राखीव वर्गातला असाल तर केंद्रावर जा. समोर बसलेला माणूस चूक तिथल्या तिथे दाखवतो. घरून भरलेला फॉर्म चूक निघाली की लॉगिनमध्ये परत येऊन पडतो, आणि पोरगं तोवर सिंहगडावर भजी खात असतं. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तुमचं नाव, प्रवर्ग, मार्क तपासा. दुरुस्ती त्यानंतरच्या दोनतीन दिवसांतच होते.

आता विकल्प अर्ज, पोरांच्या भाषेत ‘ऑप्शन फॉर्म’. खरी गंमत इथे आहे.

मागच्या वर्षीचा कटऑफ साइटवरून काढा. त्यात ‘जीओपीईएनएच’ असली अक्षरं दिसतील. शेवटचं अक्षर आधी वाचा. ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. पहिलं ‘जी’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी. मधलं तुमचा प्रवर्ग. मुलीने दोन्ही रांगा बघायच्या, ‘जी’ पण आणि ‘एल’ पण. आपल्या पुणे विद्यापीठात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात, आणि होम ठरतं ते बारावी कुठून झाली त्यावरून, घर कुठे आहे त्यावरून नाही. धनकवडीत जन्मलेली पण नीटच्या क्लाससाठी लातूरला जाऊन बारावी झालेली पोरगी पुण्याच्या कॉलेजला ‘ओ’ ठरते. तिने ‘एच’चा आकडा बघून खूश होऊ नये.

कटऑफ बघताना फेरीही बघा. पहिल्या फेरीचा आकडा आणि शेवटच्या फेरीचा आकडा यांत बरंच अंतर पडतं, कारण नीटमधून बीएएमएस किंवा बीएचएमएस मिळालेली मुलं मधेच निघून जातात.

क्रमाचा नियम एकच: जे हवं ते वर. “आपल्याला ते मिळणार नाही, मग कशाला लिहायचं” हे चुकीचं. वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खालचं हातचं जात नाही. पण उलटी बाजूही आहे. पहिल्या फेरीत एक नंबरचा विकल्प लागला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी बंद. म्हणून एक नंबरवर गंमत म्हणून काही लिहू नका. पुढच्या फेऱ्यांत वरचे किती विकल्प असे बांधून घेतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. ती मोठी असते, तेवढं पान तरी वाचा.

आणि अंतर. धनकवडीतून निगडीचं मॉडर्न किंवा ताथवड्याचं कॉलेज म्हणजे शहराचं दुसरं टोक. वडगावचं सिंहगड, कोंढव्याचं काशीबाई नवले किंवा आरटीओजवळचं एआयएसएसएमएस त्यामानाने हाताशी. फार्मसीत प्रॅक्टिकलं भरपूर, आणि थिअरी-प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते. पीएमपीच्या बसच्या भरवशावर चार वर्षं नऊच्या प्रॅक्टिकलला पोचायचंय, हे लक्षात ठेवून क्रम लावा. होस्टेलचा खर्च झेपत असेल तर गोष्ट वेगळी. फी कमी हवी तर सरकारी कॉलेजं डोक्यात ठेवा: कराड, अमरावती, संभाजीनगर. कराडला आमच्या गल्लीतली एक पोरगी गेली, आणि तिचा एकूण खर्च इथल्या खासगी कॉलेजच्या नुसत्या फीपेक्षा कमी झाला.

एरंडवण्यातलं पूना कॉलेज ऑफ फार्मसी कॅपच्या यादीत शोधत बसू नका. ते भारती विद्यापीठ या अभिमत विद्यापीठाचं, त्याचा फॉर्म वेगळा. आणि नवं, न ऐकलेलं कॉलेज लिहिण्याआधी त्याला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या साइटवर बघा. मान्यता नसलेल्या कॉलेजची डिग्री फार्मसिस्टच्या नोंदणीला चालत नाही. भावाच्या दुकानातल्या भिंतीवर ते नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्याच्याशिवाय शटर उघडता येत नाही, असं तो म्हणतो.

घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या सीट बघा. ट्यूशन फी माफ असते. पण त्या सीटचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला, आणि तो यादीत वेगळा घालावा लागतो. कॉलेज एकदा लिहिलं म्हणजे टीएफडब्ल्यूएसही आपोआप धरतील असं समजून एका पोराने ते घातलंच नव्हतं. त्याच्याहून कमी पर्सेंटाइलवाल्याला ती सीट गेली.

शेवटी ‘कन्फर्म’ केल्याशिवाय उठू नका. नुसतं सेव्ह केलेलं मोजत नाहीत. पासवर्ड कुणालाही देऊ नका, मलाही नाही. एका पोरीचे विकल्प एजंटाने स्वतःच्या सोयीने भरून कन्फर्म केले होते. कॉलेज लागल्यावर तिला कळलं, आपण हे नाव कधी घेतलंच नव्हतं.

सीट लागली की १,००० रुपये भरून ती स्वीकारायची, मग कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. कॉलेज फी सांगेल ती शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. स्कॉलरशिपचं महाडीबीटीवर लगेच टाका. ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. “काकू, कोट्यात लगेच मिळतंय,” म्हणून घाई करणाऱ्यांना मी आधी हेच विचारते.

फार्मसीच्या फेऱ्या इंजिनिअरिंगच्या बऱ्याच मागून चालतात. मित्रांचे वर्ग सुरू झाले, आपली यादीच नाही, म्हणून घाबरून दुसरीकडे कुठे प्रवेश घेऊन पैसे अडकवू नका. मूळ कागद एकदा कॉलेजात गेले की परत मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याआधी सगळ्याचे तीन संच काढून ठेवा. माझ्याच दुकानात काढा असं नाही, पण काढा.